शुगरचा आकडा येतो, मनाचा कुठून आणायचा?

हा जो कागद दिसतोय ना आशाताईंच्या हातात, हा सीबॅक फॉर्म, शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका कुणाला आहे ते घरोघरी जाऊन टिपायचा. गावातलं तिशीच्या पुढचं प्रत्येक माणूस यात भरायचं. वय काय, तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर आहे का, कंबरेला टेप लावली की आकडा आला, सगळं झपाझप होतं. अडतं ते शेवटच्या दोन प्रश्नांवर. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. आता हे विचारायचं कुठे तर ओट्यावर, सासूबाई शेजारीच शेंगा फोडत बसलेल्या, मग सूनबाई काय सांगणार, "नाही ओ ताई, सगळं बरंय." लिहा शून्य.

याच दोन प्रश्नांपासून सुरू होणारा, नैराश्य किती आहे ते बघायचा मोठा फॉर्म म्हणजे पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, बेरीज २७ पर्यंत जाते, १० किंवा जास्त आली की डॉक्टरांनी नीट बघायचं. पण शुगरच्या पेशंटला विचारताना खरा घोळ होतो. थकवा येतो का, येतो. झोप मोडते का, अहो रात्री चारदा लघवीला उठायचं म्हटल्यावर मोडणारच की. आता हे शुगरचं का मनाचं? बेरजेवरून कळत नाही, बसून बोलावं लागतं. आणि 'नैराश्य' असं घरात म्हणतं कोण? टेन्शन आलंय म्हणतात, मन लागत नाही म्हणतात.

मग सापडल्यावर करायचं काय? चेन्नई, बंगळुरू, विशाखापट्टणम आणि दिल्लीतल्या चार दवाखान्यांत ४०४ पेशंटवर एक उपाय करून बघितला, सगळ्यांना डायबेटिस, पीएचक्यू १० किंवा वर, आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यातलं काहीतरी हाताबाहेर. काहींना नेहमीची ट्रीटमेंट, बाकीच्यांना जोडीला वर्षभर एक केअर कोऑर्डिनेटर. हा डॉक्टर नव्हे, पण पाठपुरावा करणारा, आणि त्याच्या पेशंटची यादी शुगरचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून बघायचे. दोन वर्षांनी मन आणि शुगर-बीपी-कोलेस्टेरॉलपैकी निदान एक, असं दोन्ही सुधारलेले किती? कोऑर्डिनेटरवाल्यांत ७१.६ टक्के, बाकीच्यांत ५७.४. २०२० साली हे छापून आलं. नुसत्या नेहमीच्या ट्रीटमेंटवरही निम्म्याहून जास्त सुधारले, हेही सांगायला हवं. आणि हे शहरातले शुगरचे दवाखाने होते, आपलं उपकेंद्र नव्हे, इथे एका ताईकडे लसीकरण, बाळंतपण, सर्वे, सगळंच.

टेप गुंडाळून ताई निघतात. सूनबाई गेटपर्यंत सोडायला येते, आणि तिथे, सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणते, "ताई, रात्र रात्र डोळा लागत नाही ओ."

फॉर्म केव्हाच पिशवीत गेलाय, ताई पिशवी परत उघडतात.