एकच राउटर, तीन टेबलं
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दांडिया बाजार, सकाळ. गल्लीवरून गेलेल्या तारा. कॅमेरा एका तारेचा माग काढत इमारतीत शिरतो.]

बडोद्याचा दांडिया बाजार. खाली शटर्स आता कुठे उघडतायत, पण वरच्या या तारा रात्रभर जाग्या होत्या. त्यातली ही बारीक काळी तार फायबरची. एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट हिच्यातून कारेलीबागेत जातात, मांजलपूरची बिलं हिच्यातूनच इथे येतात. शाखांमधल्या कॅमेऱ्यांची चित्रं आणि बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांचं वायफाय, तेही हिच्याच अंगावर.

[जिन्याखालचं कपाट. हिरवे दिवे. केबलवर चिकटवलेली हाताने लिहिलेली लेबलं.]

तार संपते ती या कपाटात. हा लॅबचा राउटर, सीई, म्हणजे ग्राहकाच्या टोकाचा. तारेच्या दुसऱ्या टोकाला सेवा देणाऱ्या कंपनीचा राउटर, पीई. आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पुढे कुठे धाडायचं, हे दोघेही आपापल्या राउटिंग टेबलात बघून ठरवतात.

पीईवर ही एकटी लॅब नाही. शेजारची पतपेढी आहे, एखादा कारखाना आहे, शाळा आहे. आणि बहुतेकांकडे आत पत्ते तेच: १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे. हे खाजगी पत्ते कुणीही, कुणालाही न विचारता वापरावेत, अशी मुभा १९९६ च्या आरएफसी १९१८ ने दिली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज. एकाच टेबलात हे सगळे आले तर कुठला १९२.१६८.१.१० कुणाचा, हे राउटरला कळणार कसं?

[पांढरा बोर्ड. मार्करने काढलेली आकृती.]

उत्तर १९९९ मध्ये आलं, आरएफसी २५४७ मधून. लेखक एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर. आम्हाला यातलं विशेष वाटलं ते रेख्टर यांचं नाव. खाजगी पत्त्यांच्या १९९६ च्या दस्तऐवजावरही ते आहे, आणि १९८९ मध्ये कर्क लॉहीड यांच्यासोबत बीजीपीचा, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायच्या भाषेचा, पहिला मसुदा लिहिणारेही तेच. ज्या मुभेमुळे पत्ते एकमेकांवर आदळू लागले आणि ज्या रीतीने ते सुटे झाले, त्या दोन्हींवर एकाच माणसाची सही आहे. २००६ मध्ये हीच रीत सुधारून आरएफसी ४३६४ म्हणून मानक झाली.

रीत अशी. पीईवर प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र टेबल. त्याला व्हीआरएफ म्हणतात. ज्या इंटरफेसवरून, म्हणजे राउटरच्या ज्या जोडणीवरून, पॅकेट आलं, तो ज्या व्हीआरएफचा, तेवढंच टेबल उघडायचं; दुसऱ्याकडे पाहायचंसुद्धा नाही. हे मार्ग दुसऱ्या पीईला बीजीपीने सांगताना पत्त्याच्या पुढे ८ बाइटचा रूट डिस्टिंग्विशर लागतो. १९२.१६८.१.१० सारखा आयपीव्ही४ चा पत्ता ४ बाइटचा, म्हणून दोन्ही मिळून १२. 'घर क्रमांक १०' रावपुऱ्यातही असतं आणि फतेगंजातही; पुढे पेठ लिहिली की पोस्टमन चुकत नाही.

पण कुठला मार्ग कुठल्या टेबलात शिरेल, हे डिस्टिंग्विशर ठरवत नाही. नवशिके हमखास अडकतात ते इथे. ते काम रूट टार्गेटचं: मार्ग बाहेर देताना त्यावर एक खूण लावायची, आणि पलीकडच्या व्हीआरएफने कुठल्या खुणा आत घ्यायच्या ते सांगून ठेवायचं. एक आकडा चुकला तर एका संस्थेचे मार्ग दुसरीच्या टेबलात जाऊन बसतात.

मधल्या राउटरना हे ग्राहक माहीतच नसतात. पॅकेटवर दोन लेबलं असतात. बाहेरचं योग्य पीईपर्यंत नेतं, आतलं तिथे पोहोचल्यावर ग्राहक ओळखतं. लेबल बघून पॅकेट पुढे नेण्याच्या या पद्धतीला एमपीएलएस म्हणतात.

[पुन्हा कपाट. लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यावर बसलेली तरुण तंत्रज्ञ. मागे उभे असलेले तिचे वरिष्ठ.]

एवढी काळजी घेऊन वेगळे ठेवलेले रस्ते ग्राहकाच्या दारात आले की काय होतं? बहुतेक ठिकाणी एकच टेबल. रिपोर्ट, कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय, सगळं त्यात. कंपनीकडून व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्या शाखांचं खाजगी नेटवर्क, घेतलंय, तेव्हा आपण सुरक्षित, असं मालक धरून चालतो. ते व्हीपीएन त्याला शेजारच्या पतपेढीपासून वेगळं ठेवतं. त्याच्याच वेटिंग रूमपासून नाही.

म्हणून आज हे काम. सीईवरही तीन व्हीआरएफ: एक रिपोर्ट आणि बिलांचं, एक कॅमेऱ्यांचं, एक पाहुण्यांचं. पीईकडे जाणाऱ्या त्याच तारेवर तीन सबइंटरफेस, म्हणजे एकाच जोडणीचे तीन वेगळे भाग. प्रत्येकाच्या पॅकेटवर त्याचा व्हीलॅन क्रमांक: १०, २०, ३०. पलीकडे कंपनीनेही तीन व्हीआरएफ उघडून दिलीत. या तुकड्यावर एमपीएलएस लागत नाही, म्हणून या पद्धतीला व्हीआरएफ-लाइट म्हणतात.

[स्क्रीन जवळून. टाइप होणारी कमांड.]

"काका, इंटरफेसचा पत्ता उडाला."
"उडणारच. आधी व्हीआरएफ, मग पत्ता. परत घाल."

या राउटरवर इंटरफेस एका टेबलातून दुसऱ्यात गेला की त्याचा जुना पत्ता पुसला जातो. ती पुन्हा घालते, मग पलीकडचं टोक उत्तर देतंय का हे बघायला पिंग करते. उत्तर नाही. पिंगला व्हीआरएफचं नाव दिलं नाही तर ते मूळ टेबलात शोधतं, आणि तिथे आता काहीच उरलेलं नाही. नाव दिलं, उत्तर आलं.

कॅमेरे बसवणाऱ्याने १९२.१६८.१ लावून ठेवलं होतं, वायफायवाल्यानेही तेच. आता दोघांनाही हात लावायची गरज नाही.

[फोनवर पाहुण्यांचं वायफाय. कॅमेऱ्याचा पत्ता टाकला जातो. पान फिरत राहतं, उघडत नाही.]

काल हाच पत्ता टाकल्यावर बाकावरच्या कुणालाही कॅमेऱ्याचं लॉगिन दिसत होतं. आज दिसत नाही.

यात डेटा गुप्त होत नाही, हे इथे सांगायलाच हवं. व्हीआरएफ रस्ते वेगळे करतं, मजकूर कुलूपबंद करत नाही. त्यासाठी आयपीसेक, म्हणजे पॅकेटमधला मजकूर सांकेतिक करणारी पद्धत, वेगळं लावावं लागतं. रिपोर्टांच्या टेबलावर ते पुढच्या टप्प्यात येईल.

[मकरपुरा. शाखेची पाटी, आत एक छोटा राउटर.]

मकरपुऱ्याची शाखा अजून बाकी आहे. इथला राउटर एकच टेबल ठेवू शकतो, म्हणून या लाइनवर सध्या फक्त रिपोर्ट आणि बिलं आहेत. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग इथल्याच डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डरच्या पेटीत, राहतं, पाहुण्यांचं वायफाय बंद ठेवलंय. नव्या राउटरची ऑर्डर गेली आहे, आणि पीईवरची तीन सबइंटरफेस आधीच तयार करून ठेवली आहेत.