पुण्यात शिकायला जाताय? महिन्याचा नाही, वर्षाचा हिशेब मांडा

नमस्कार! बारावी झाली, पुण्यात ॲडमिशन मिळाली आणि घरात पहिला प्रश्न आला, 'महिन्याला किती लागतील?' माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे. मुलांचं गणित बिघडतं ते वर्षातून एक-दोनदाच येणाऱ्या खर्चांनी.

आकडे घेऊनच बघू. तुमच्या भागातले दर वेगळे असतील, हे फक्त उदाहरण. कॉट बेसिसवर (म्हणजे इतरांबरोबरच्या खोलीत एका खाटेपुरती जागा) खोली 4,000, दोन वेळची मेस 3,500, बस, मोबाइल, झेरॉक्स, चहा मिळून 2,000. झाले 9,500. बाबा म्हणतात, 'ठीक आहे, जमवू.'

आता पहिला महिना बघा. दोन महिन्यांचं डिपॉझिट 8,000. गादी, बादली, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान वगैरे 5,000. म्हणजे कॉलेजची फी सोडून 22,500! पुढे परीक्षा फी, सबमिशन, दिवाळीला गावी जाणं-येणं, एखादं आजारपण. याचे वर्षाला 12,000 धरा. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 1,000. म्हणजे तुमचा खरा महिना 10,500 चा आहे.

हे हजार रुपये पहिल्या तारखेलाच बाजूला काढायचे, आणि तेही यूपीआय न जोडलेल्या खात्यात. फोनवरून दिसले की रात्री अकराला पनीर रोल मागवला जातो, उगाच स्वतःला फसवू नका. बँकेत वर्षभराची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, केली तरी चालेल. व्याज फार नाही मिळणार, पण पैसे सहज हाताला लागत नाहीत.

मेस लावताना खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा नियम आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी आधी सांगून सलग दोन-तीन दिवस सुट्टी घेतली तरच खाडा धरतात. शनिवार-रविवार गावी पळणाऱ्यांनी तर नक्कीच विचारा. आणि खोली घेताना, मे महिन्यात गावी गेलो तरी भाडं लागणार का? डिपॉझिटमधून काय कापणार? करारात लिहून घ्या. तोंडी 'बघू रे नंतर'वर जाऊ नका.

आता शिष्यवृत्ती. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज जरूर भरा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला 60,000 ठरलेली आहे. पण मंजूर झालं म्हणजे पैसे हातात आले असं नाही. हप्ता कधी उशिरा येतो, कधी वर्ष उलटल्यावर. म्हणून या वर्षीच्या बजेटमध्ये तो शून्य धरा. आलाच, तर पुढच्या वर्षीच्या डिपॉझिटला आणि फीला ठेवा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा ते खातं चालू आहे ना, हे बँकेत जाऊन तपासा.

विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी कॉलेजच्या विद्यार्थी विकास कक्षात करा. लायब्ररी, ऑफिस, बागेतलं काम असतं. तासावर पैसे मिळतात, त्यातून निदान मेसच्या बिलाला हातभार लागतो.

आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागणारा उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. निकाल लागला की सेतू केंद्रात अख्खा तालुका उभा असतो.