व्हॅन, चेहरे आणि चार कागद

(दृश्य: कार्डिफ, क्वीन स्ट्रीट, दुपारची गर्दी)

हा ब्रिटनमधल्या वेल्सची राजधानी कार्डिफ, तिथला क्वीन स्ट्रीट. गाड्यांना बंदी, त्यामुळं लोक रस्त्याच्या मधूनच चालतात. 21 डिसेंबर 2017 ला, ख्रिसमसच्या तोंडावर, एड ब्रिजेस नावाचे गृहस्थ इथं आले होते, पोलिसांची एक व्हॅन उभी होती आणि ब्रिजेस यांचं म्हणणं असं की 6 ते 10 फुटांवर पोचल्यावरच कळलं की ही चेहरे ओळखणारी व्हॅन आहे. तोवर यांचा चेहरा घेऊन झालेला असणार.

(दृश्य: व्हॅनवरचा कॅमेरा, खालून जाणारे चेहरे)

कॅमेरा गर्दीतला एकेक चेहरा उचलतो, डोळे-नाक-जबडा यांच्यातली अंतरं मोजून त्याचा एक आकड्यांचा साचा बनवतो आणि पोलीस ज्यांच्या शोधात आहेत त्यांच्या यादीशी ताडून बघतो, सेकंदाला 50 चेहऱ्यांपर्यंत. जुळला तर अधिकारी स्वतः बघतो, नाही जुळला तर साचा लगेच डिलीट. 2017 आणि 2018 मिळून साउथ वेल्स पोलिसांनी अंदाजे 5 लाख चेहरे असे तपासले असावेत, आणि त्यातले बहुतेक कुठल्याच यादीत नव्हते.

(दृश्य: टेबलावर चार कोरे कागद, पेन)

असलं काही सुरू करायच्या आधी डेटा प्रोटेक्शन इम्पॅक्ट असेसमेंट करायचं असतं, म्हणजे लोकांची माहिती वापरल्यानं त्यांना काय धोका होईल ते आधीच लिहून तपासायचं. सगळे डीपीआयए म्हणतात. युरोपात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 35, ब्रिटनच्या पोलिसांना तिथल्या 2018 च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 64. त्याचे आपण चार कागद धरू.

पहिला कागद, नेमकं काय करणार. ‘चेहरे स्कॅन करतो’ एवढं लिहून भागत नाही. यादीत नाव कोण घालतं, कशावरून घालतं, व्हॅन कुठं उभी राहणार हे ठरवतं कोण, फुटेज किती दिवस ठेवणार (इथं 31 दिवसांपर्यंत), सगळं यायला पाहिजे. दुसरा कागद जीडीपीआर स्पष्ट मागतं: याची गरज आहे का, आणि कमी त्रासाच्या मार्गानं तेच काम होतं का.

(दृश्य: तिसरा कागद, जवळून)

तिसरा कागद धोक्याचा, आणि खरी मेख इथंच आहे. ऑफिसं इथं लिहितात, डेटा लीक झाला तर आपली बदनामी होईल, दंड बसेल. अहो, कायदा तुमचा धोका विचारतच नाहीये, तो त्या रस्त्यावरच्या माणसाचा विचारतोय! चुकून जुळणी झाली आणि भर बाजारात पोलिसांनी अडवलं तर? बायकांचे किंवा सावळ्या लोकांचे चेहरे मशीन जास्त चुकवत असेल तर? मोर्च्याला जायचं म्हटलं की कॅमेऱ्याच्या धाकानं कोणी घरीच बसलं तर? ब्रिजेस मार्च 2018 मध्ये शस्त्रांच्या प्रदर्शनाबाहेर निदर्शनाला गेले तेव्हाही ती व्हॅन होतीच.

चौथ्यावर उपाय, प्रत्येक धोक्यासमोर एक. जीडीपीआरमध्ये डेटा अधिकाऱ्याचा सल्ला घ्यायचा, जमेल तिथं लोकांचं मतही, आणि एवढं करूनही धोका मोठाच राहिला तर सुरू करायच्या आधी डेटावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाला विचारायचं. काम बदललं की कागद परत काढायचे.

(दृश्य: लंडन, रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस)

ब्रिजेस पोलिसांविरुद्ध कोर्टात गेले. साउथ वेल्स पोलिसांनी डीपीआयए केलेलं होतं, बरं का. पण ते लिहिलंच होतं खासगीपणाच्या हक्काचा भंग होत नाही असं धरून, म्हणजे पेपर तपासायच्या आधीच पास लिहून टाकल्यासारखं. 11 ऑगस्ट 2020 ला अपील कोर्टानं सांगितलं, यादीत कोण आणि व्हॅन कुठं हे पोलिसांच्या मर्जीवर फार सोडलंय, डीपीआयएत ना तो धोका नीट तोलला ना त्यावरचे उपाय दिले, त्यामुळं ते कायद्याला धरून नाही. ब्रिजेस जिंकले. पुढं नियम-कागद सुधारून व्हॅन परत रस्त्यावर आली.

(दृश्य: क्वीन स्ट्रीट, संध्याकाळ)

भारतात 2023 चा डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यात डीपीआयए आहे, पण फक्त सरकार ज्यांना मोठे डेटावाले म्हणून जाहीर करेल त्यांनाच, आणि केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं.