चुलीतली राख आणि कोकणातली जांभी जमीन

श्रोतेहो, राख शेताला चांगली की वाईट, या प्रश्नाचे उत्तर जमीन पाहिल्याशिवाय देता येत नाही. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो मातीतला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो, जांभी माती आम्ल होते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, असे धरून ठेवतात की पिकाच्या मुळांना ते मिळतच नाही. लाकडाच्या राखेत मुख्यतः चुना असतो, सोबत पालाश, म्हणजे पोटॅश, आणि थोडे स्फुरद असते. म्हणून अशा मातीत ती आम्लता कमी करते आणि पोषणही देते. नत्र मात्र जळतानाच उडून गेलेले असते, तेव्हा राख शेणखताची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या पूर्वजांना हे राबातून, म्हणजे रोपांची जागा भाजण्याच्या पद्धतीतून, ठाऊक होते. पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, कवळ म्हणजे तोडलेल्या पानाळ फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर पसरायचे, आग सावकाश चालावी म्हणून वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि तो भाजायचा. तणाचे बी मरते, राख जागेवरच मिसळते, तरवा, म्हणजे लावणीची रोपे, जोमदार येतो. या कवळासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याचा हक्क हा ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत इतका जिव्हाळ्याचा होता की 1885 मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढेही तो वादाचा विषय ठरला. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, जो पाला कुजून मातीला सेंद्रिय कर्ब देऊ शकतो, तो केवळ राखेसाठी जाळू नये. घरोघरच्या चुलीतून आणि न्हाणीच्या बंबाखालून जी राख आपोआप निघते, तीच आधी वापरावी.

देशावरच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत मात्र हीच राख नुकसान करते. तिथे सामू, म्हणजे मातीची आम्लता-विम्लता दाखवणारा पीएच, आधीच आठच्या आसपास असतो. तो आणखी वाढला, तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होतात आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. म्हणून माती परीक्षणात सामू साडेसहाच्या खाली आला, तरच राख घाला.

प्रमाण म्हणाल, तर गुंठ्याला वर्षातून पाच ते दहा किलो कोरडी, चाळलेली राख पुरे. ती पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळावी, कारण ताजी राख कोवळ्या रोपांना जाळते. युरिया किंवा अमोनियम सल्फेट तिच्याबरोबर देऊ नये, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. उघड्यावर भिजलेल्या राखेतले पालाश पहिल्याच पावसात वाहून जाते, तेव्हा ती छपराखाली साठवावी. रंगवलेले लाकूड, प्लायवूड किंवा दगडी कोळसा यांची राख शेतात अजिबात घालू नये.