फुलांच्या खालची भाषा

(सिंधूची घळ. गाडीतून.)

लेह सोडून खालत्सेच्या पुढे सिंधूच्या काठाकाठाने उतरत गेलं, की दाह गाव लागतं. लडाखच्या मानाने उंची कमी, आणि दिवसभराचं ऊन खडक धरून ठेवतात. म्हणून इथे वर्षाला दोन पिकं: आधी सातू, मग त्याच वाफ्यात कुट्टू. छपरांवर जर्दाळू वाळतायत.

(आजी. हातांवर कॅमेरा.)

आता फक्त हे हात बघा. ती केशरी बोंडं आपल्या रसभरीच्या भाऊबंदांतली. वाळली तरी रंग उतरत नाही, म्हणून हिवाळ्यातही टोपीवर तीच. आधी बोंडं, मग रिबिनी, मग जुनी नाणी. नाणी कुठून आली विचारलं, तर आजी नुसती हसली. सुई पुन्हा दोऱ्यात.

या टोपीसाठी, आणि खरं सांगायचं तर टोपीखालच्या चेहऱ्यासाठी, पर्यटक येतात. ‘शुद्ध आर्य’ अशी पाटी या खोऱ्याला कुणी लावली आणि ती विकली जाते. आम्हीही पहिल्या दिवशी चेहरेच टिपले. ऐकायला दुसऱ्या दिवशी लागलो.

(आवाज वाढवा. आजी बोंडं मोजते.)

ही ब्रोक्सकट. गिलगिटकडच्या शिना भाषेची बहीण. चहूकडे तिबेटी वळणाची लडाखी, मध्ये ही आपल्या कुळातली. सातावर आली की आपलेही कान टवकारतात. सात म्हणजे सातच! नाव मात्र शेजाऱ्यांनी दिलेलं: ब्रोक म्हणजे उंचावरचं कुरण, स्कट म्हणजे बोली.

पूर्वज गिलगिटहून आले, असं इथले लोक सांगतात. ती वाट बोनोना सणाच्या गाण्यांत आहे. ए. एच. फ्रांके या मिशनऱ्याने त्यांतली १८ गाणी १९०५ साली छापली.

याच लोकांच्या हानू गावाने केव्हाच लडाखी धरली. ब्रोक्सकट बोलणारे उरले काही हजार, आणि १०,००० च्या खालची भाषा जनगणनेच्या तक्त्यात वेगळी दिसत नाही.

(गच्चीवरून डोंगर. निवेदन हळू.)

बोनोनाचा मान पाळीपाळीने: एक वर्ष दाहचा, एक गारकोनचा, एक गनोक्सचा. गनोक्स नियंत्रण रेषेच्या पलीकडे आहे.

(आजी टोपी डोक्यावर ठेवते. संगीत नको.)