नारू: पाण्यातून पोटात आणि पायातून बाहेर

तुमच्या गावात सत्तरीपुढचं कुणी असेल ना, तर त्यांच्यापुढं नारूचा विषय काढून बघा. घोट्याजवळ फोड यायचा, नुसती आग आग व्हायची म्हणून माणूस पाण्यात पाय सोडून बसायचा, मग फोड फुटायचा आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर यायचं. हा दोरा म्हणजे जिवंत जंत, मादी, कधी कधी तर मीटरभर लांब! ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं, घाई करायची नाही, कारण मधेच तुटला की पाय सुजून माणूस आडवा, आणि ते सुद्धा बऱ्याचदा ऐन शेतीच्या कामात.

पण हा अंगात शिरतो कसा? बऱ्याच जणांना वाटायचं कातडीतून, बाहेर पायातून येतो म्हटल्यावर तसं वाटणारच की.

1870 च्या सुमाराला अलेक्सेई फेदचेंको नावाचा पंचविशीतला रशियन संशोधक मध्य आशियात समरकंदच्या भागात फिरत होता, त्यानं मायक्रोस्कोपखाली बघितलं की नारूची पिल्लं सायक्लॉप्समध्ये जातात आणि तिथंच वाढतात. सायक्लॉप्स म्हणजे साठलेल्या पाण्यातला ठिपक्याएवढा किडा. मग असं पाणी त्यानं कुत्र्या-मांजरांना पाजून बघितलं, पण त्यांना नारू झालाच नाही, त्यामुळं शंका राहिली ती राहिलीच. पुढं 1873 मध्ये आल्प्समधल्या बर्फात तो वारला, तिशी पण गाठली नव्हती. परजीवीशास्त्राच्या गोष्टीत पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरचं नाव आधी घेतात, पण मॅन्सनला डासात हत्तीरोगाचे जंत दिसले ते 1877 मध्ये, म्हणजे फेदचेंको त्याच्या आधी, आणि हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट लायपर या ब्रिटिश संशोधकानं तसले सायक्लॉप्स माकडाला खाऊ घातले आणि काही महिन्यांनी त्या माकडाच्या अंगात नारू सापडले. साखळी जुळली! आपण पाणी पितो, सायक्लॉप्स पोटात मरतो, पिल्लं आतड्याच्या बाहेर पडतात, वर्षभरानं मादी पायाशी येते, आणि तो पाय परत त्याच पाण्यात.

नारूवर ना औषध ना लस, आजही नाही. म्हणून मग साखळीच तोडायची. पायऱ्यांच्या विहिरीत, आपल्याकडं बारव म्हणतात ती, माणसं थेट पाण्यात उतरायची आणि तेच पाणी घागरीत भरायची. अशा विहिरी बंद केल्या किंवा सुधारल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्यानं गाळायला शिकवलं, सायक्लॉप्स मारायला टेमेफॉस नावाचं कीटकनाशक पाण्यात टाकलं. महाराष्ट्रासह सात राज्यांत हे काम चाललं. भारतातला शेवटचा पेशंट जुलै 1996 मध्ये, राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात, आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त जाहीर केला.

1986 मध्ये जगात वर्षाला 35 लाख पेशंट असतील असा अंदाज होता, 2023 मध्ये सगळे मिळून 14. पण आफ्रिकेत चाडमध्ये तो आता कुत्र्यांना होतोय, म्हणून तिथं लोक कुत्री बांधून ठेवतात आणि माशांची आतडी कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून खड्डा करून पुरतात.