पहिला क्रमांक कोण देतं?

नमस्कार मंडळी. मोबाइलवर ‘सर्वोत्तम ऑनलाइन कॅसिनो’ असं शोधलं की दहा नावांची यादी येते. प्रत्येक नावाला साडेचार-पावणेपाच तारे आणि शेजारी एक ठसठशीत बटण. या यादीवर विसंबावं का, एवढ्यापुरतंच मी आज बोलणार आहे.

यादी करणाऱ्याचं पोट कशावर चालतं, ते आधी बघू. या धंद्याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. बेटर कलेक्टिव्ह, कॅटेना मीडिया, गॅम्बलिंग डॉट कॉम ग्रुप या यातल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या. त्यांचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात आणि पैसा कुठून येतो हे त्यांत लिहिलेलं असतं. तुम्ही यादीतून गेलात आणि पैसे भरलेत, की यादीवाल्याला ठरलेली रक्कम मिळते. किंवा मग तुमच्याकडून कॅसिनोला होणाऱ्या निव्वळ कमाईत त्याचा टक्का असतो. आता कॅसिनोची कमाई म्हणजे खेळणाऱ्याने हरलेला पैसा. म्हणजे ज्याच्या शब्दावर तुम्ही साइट निवडलीत, त्याचं उत्पन्न तुम्ही हरत राहण्यावर वाढतं! लिहिणारा माणूस कितीही सज्जन असो, हा हितसंबंध त्याच्या सज्जनपणाने मिटत नाही.

बटणावर बोट दाबून धरलंत तर दुवा दिसतो. बरेचदा तो आधी यादीवाल्याच्याच पत्त्यावर जातो आणि तिथून कॅसिनोकडे वळतो. वाटेत ‘हे गिऱ्हाईक माझं’ अशी नोंद होते.

यादीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत बोनस असतो. समजा, १०० डॉलरचा बोनस आणि ३५ पट वेजरिंगची अट. म्हणजे पैसे काढण्याआधी ३,५०० डॉलरच्या पैजा लावायच्या. स्लॉटचा, म्हणजे चक्रं फिरवायच्या खेळाचा, परतावा ९६ टक्के धरला (शंभर लावले की सरासरीने ९६ परत), तर तेवढ्या पैजांवर सरासरीने १४० डॉलर जातात. मिळाले १००, गेले १४०. हा हिशेब तोंडी होण्यासारखा आहे, पण तो मांडलेली यादी मिळणं कठीण.

सगळ्यात वाईट याद्या ब्रिटनमधल्या आहेत. जुगाराची सवय सुटत नाही म्हणून जो माणूस स्वतःहून आपलं नाव बंद करून घेतो, त्याच्यासाठी तिथे गॅमस्टॉप ही सोय आहे. मार्च २०२० पासून ब्रिटिश परवाना असलेल्या प्रत्येक ऑनलाइन कंपनीला तिच्यात सामील व्हावंच लागतं. आणि तरी ‘गॅमस्टॉपवर नसलेले सर्वोत्तम कॅसिनो’ अशा याद्या निघतात. त्यांतलं एकूण एक नाव ब्रिटनमध्ये विनापरवाना आहे, हे शीर्षकावरूनच कळतं. आणि वाचणारा कोण? ज्याने कसंबसं स्वतःला दाराबाहेर काढलंय तोच. त्याला मागच्या दाराने आत न्यायचं आणि वर तारे द्यायचे, याला मी सल्ला म्हणणार नाही.

ताऱ्यांऐवजी बघायची ती नोंदवही. ब्रिटनमध्ये जुगाराचे परवाने देणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनची नोंदवही सर्वांना खुली आहे. तिथे साइटचा पत्ता टाका. परवाना कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की स्थगित, कंपनीवर पूर्वी कारवाई झाली का, ते दिसतं. साइटच्या तळाशी छापलेल्या चिन्हावर जाऊ नका. चिन्ह कुणालाही चिकटवता येतं.

आता आपल्याकडचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं त्यात गुन्हा ठरवलंय. नुसती जाहिरात केली तरी दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. गोव्यातल्या कॅसिनोंचा परवाना त्या बोटींपुरता आणि हॉटेलांपुरता. तो मोबाइलवरच्या साइटला लागू होत नाही. तेव्हा ‘भारतात कायदेशीर असलेले टॉप टेन कॅसिनो’ असं लिहिलेली यादी पहिल्याच ओळीत खोटी असते. अशा साइटवर पैसे अनेकदा कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर भरायला सांगतात. तिथून उलट पैसे आले, तरी पोलीस तपासात तुमचंच खातं गोठवलं जाऊ शकतं. कुणाचे पैसे असे अडकले असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेलाही कळवा आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट पुसू नका.